मंदीत शेतीत गुंतवणूक: चार गैरसमज

२०२०-२१ मध्ये कोरोनामुळे देशाची अर्थव्यवस्था आकसली. शेती मात्र वाढली. शहरातला रोजगार गेलेल्यांना गावात तिचाच आधार मिळाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने १ लाख कोटी रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा निधी सुरू केला. हा निधी आणि एकूणच शेतीकर्ज याविषयीचे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज: हा निधी म्हणजे अनुदान.
वस्तुस्थिती: हे बँकेचे कर्ज आहे, ते फेडावेच लागते. गोदाम, शीतगृह, प्रतवारी केंद्र अशा कामांच्या कर्जावर, २ कोटींच्या मर्यादेत, सरकार व्याजात ३ टक्के सवलत देते. तीही जास्तीत जास्त ७ वर्षे.

गैरसमज: तो बड्या बागायतदारांसाठीच आहे.
वस्तुस्थिती: विकास सोसायट्या, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्याही पात्र आहेत. २ कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमीची सोय आहे आणि हमीचे शुल्क सरकार भरते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातले सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले. एकट्याला गोदाम परवडत नाही. गटाला परवडू शकते.

गैरसमज: नावावर सातबारा नाही, तर कर्जही नाही.
वस्तुस्थिती: किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत बटाईदार आणि संयुक्त देयता गटही बसतात. अडचण येते ती तोंडी करारामुळे: बँकेला दाखवायला कागद नसतो. बायका शेतात राबतात, पण त्याच गणनेत स्त्रियांच्या नावावरची खाती जेमतेम १४ टक्के होती. महाराष्ट्रात पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तिचा लाभ घरोघरी घेतला गेला पाहिजे.

गैरसमज: संकटात कर्जमाफी पुरेशी आहे.
वस्तुस्थिती: २०१७ आणि २०१९ च्या माफीने महाराष्ट्रातल्या अनेक थकबाकीदारांना उसंत मिळाली. पण खासगी सावकाराकडून उचल घेणारा बटाईदार बँकेच्या यादीतच नसतो. शिवाय माफीने कांदाचाळ उभी राहत नाही. साठवण नसलेल्याला पडत्या भावातही माल विकावाच लागतो.

म्हणून मंदीत निधीच्या एकूण आकड्यावर समाधान मानू नये. आपल्या तालुक्यात त्यातले किती कर्ज अल्पभूधारकांना, स्त्रियांना आणि बटाईदारांना मिळाले, याचा हिशेब ग्रामसभेने बँकांकडे मागावा.