फ्रँकफर्टची नावांची सोसायटी

सहकार म्हटलं की आपल्याला आधी साखर कारखाना आठवतो, मग पतसंस्था, मग हाउसिंग सोसायटीच्या सभेतली भांडणं. फ्रँकफर्टमधल्या एका सहकारी संस्थेच्या गोदामात मात्र नुसती नावं आहेत. ‘डॉट डीई’ने संपणारी, १ कोटी ७० लाखांहून जास्त. संस्थेचं नाव डेनिक ईजी. यातलं ‘ईजी’ म्हणजे नोंदणीकृत सहकारी संस्था. ज्या देशातल्या राइफायझेन पतपेढ्यांचा कित्ता पुढे ठेवून भारतात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला, त्या देशाने इंटरनेटवरची नावंही सोसायटीच्याच हवाली केली.

‘डॉट डीई’ची नोंद झाली ५ नोव्हेंबर १९८६ रोजी. सुरुवातीला त्याचा कारभार अमेरिकेतून चाले. १९८८ मध्ये तो डॉर्टमुंड विद्यापीठाकडे आला, १९९४ मध्ये कार्ल्सरुह विद्यापीठाकडे गेला. मागणी वाढली, तेव्हा ३७ इंटरनेट कंपन्यांनी १७ डिसेंबर १९९६ रोजी बॉनमध्ये डेनिक स्थापन केली. १९९९ च्या ऑक्टोबरात नावांचा आकडा १० लाखांवर पोचला.

या सोसायटीचे सभासद आहेत तीनशेच्या आसपास, आणि ते नावं घेणारे नव्हेत, नावं मिळवून देणारे आहेत. बाजार समितीच्या भाषेत सांगायचं तर ही शेतकऱ्यांची सोसायटी नाही, अडत्यांची आहे. पण खरी गंमत पुढे आहे. समजा, म्युनिकमधल्या एखाद्या मराठी मंडळाने संकेतस्थळासाठी नाव घेतलं. पैसे भरले होस्टिंग कंपनीला, बिलही तिचंच आलं. तरी नावाचा करार होतो तो मंडळ आणि डेनिक यांच्यात. कंपनी अर्ज पोचवते, तांत्रिक नोंदी सांभाळते, वर्गणी घेते. तो करार वेगळा.

या दोन करारांतला फरक कळतो तो अडत्या मध्येच गेल्यावर. कंपनी बुडाली किंवा तिने नाव सोडून दिलं, तरी ते लगेच रद्द होत नाही. ते ‘ट्रान्झिट’मध्ये जातं, म्हणजे थेट डेनिकच्या देखरेखीखाली. डेनिक नोंदवलेल्या पत्त्यावर धारकाला पत्र पाठवते: दुसरी कंपनी शोधा, नाहीतर नाव सोडा. पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा असेल, तर पत्रही तिथेच जाणार.

मग नावाचा मालक कोण? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००४ मध्ये याचं उत्तर दिलं. नाव ही कुणाची मालमत्ता नव्हे. करारातून मिळतो तो वापराचा हक्क, आणि त्या हक्काला मात्र मालमत्तेचं घटनात्मक संरक्षण आहे. थोडक्यात, जमीन तुमची नाही, पण तुमची वहिवाट कायद्याने पक्की.

नावावरून वाद झाला तर डेनिक न्यायाधीश होत नाही. आपला हक्क वरचढ आहे असं दाखवणाऱ्याला ती ‘डिस्प्यूट’ नोंद करून देते. त्यामुळे धारकाला नाव परस्पर तिसऱ्याला देता येत नाही. निकाल कोर्टातच. २००१ मध्ये शेल आडनावाच्या एका गृहस्थाला ‘शेल डॉट डीई’ हे नाव तेलकंपनीसाठी सोडावं लागलं. तरीही सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटलं, कंपनी त्याला नाव सोडायला लावू शकते, आपल्या नावावर करून मागू शकत नाही.

डेनिककडची ही नावांची वही किती महत्त्वाची, ते १२ मे २०१० च्या दुपारी दिसलं. डेनिकच्या काही सर्व्हरांवर नावांची यादी अर्धवट पोचली. ज्यांची नावं तुटलेल्या भागात होती, त्यांची संकेतस्थळं आणि ईमेल काही तास ‘असं नावच नाही’ या उत्तरावर अडली. घरं जागेवर होती, पाटी तेवढी वाचता येत नव्हती.

पूर्वी धारक परदेशात असेल, तर जर्मनीत राहणारा एक प्रशासकीय संपर्क द्यावा लागे. २५ मे २०१८ रोजी युरोपचा नवा विदा संरक्षण कायदा लागू झाला, आणि तो रकानाच गेला. धारकाचं नाव आणि पत्ताही तेव्हा चारचौघांना दिसेनासा झाला.

म्हणून मंडळाच्या सभेत एक बारीक प्रश्न विचारून घ्यावा. धारकाच्या रकान्यात मंडळ आहे, की उत्साहाने अर्ज भरलेले, आता बर्लिनला गेलेले माजी चिटणीस? बिल कुणी भरलं हे डेनिक विचारत नाही. ती रकाना बघते.