आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढा

काही वर्षांपूर्वी घटस्फोटाच्या एका अर्जाची प्रत माझ्या हाती आली. अर्जदार पती. त्याने दिलेल्या कारणांत चौथे कारण असे होते की, पत्नी मुलाशी बोलत नसे, त्याला टीव्हीसमोर बसवून ठेवत असे, त्यामुळेच मुलगा ‘ऑटिस्टिक’ झाला. मुलाचे वय साडेचार वर्षे. हाक मारली तर वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, एकच चाक तासन् तास फिरवत बसतो. ती बाई माझ्यासमोर बसली होती. पोटगी किती मिळेल, मुलाचा ताबा कोणाकडे राहील, यातले तिने काहीच विचारले नाही. तिचा प्रश्न एकच होता. ‘‘वकीलसाहेब, खरंच माझ्यामुळे झालं का हो हे?’’

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते विज्ञानाने दिले आहे. पण ते वस्त्यांपर्यंत, घराघरांपर्यंत पोहोचलेले नाही. त्यामुळे आईवर खटला रोज चालतो. सासू फिर्यादी, शेजारीण साक्षीदार आणि नवरा न्यायाधीश.

हा खटला केवळ आपल्याकडेच चालला असे समजू नका. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचे वर्णन करून ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही अवस्था जगापुढे मांडली. ही मुले जन्मापासूनच अशी असावीत, असे त्यांनी तेव्हा लिहिले होते. परंतु पुढे त्यांनीच आईबापांच्या थंड, कोरड्या वागण्याकडे बोट दाखवले. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाईम यांनी तर 1967 च्या आपल्या पुस्तकात कहर केला. नाझींच्या छळछावणीत माणूस जसा आतून मिटत जातो, तसे हे मूल आईच्या नाकारण्यामुळे मिटते, असा त्यांचा सिद्धांत. पुरावा काय? काहीही नाही. तरीही हजारो आयांनी ही शिक्षा भोगली. 1969 मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभे राहून आईबाप निर्दोष असल्याचे जाहीर केले. निर्दोष मुक्तता झाली खरी, पण तोवर एका पिढीचे आयुष्य जळून गेले होते.

पुरावा आला तो 1977 साली. ब्रिटनमधील सुसान फोलस्टाईन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या 21 जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. साध्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत असे एकदाही आढळले नाही. घर तेच, आई तीच, ताट तेच. फरक होता तो जनुकांचा. जोड्या थोड्या होत्या, पण दिशा ठरली. 2019 मध्ये पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ऑटिझममधील माणसामाणसातल्या फरकाचा सुमारे 80 टक्के भाग जनुकांशी निगडित असल्याचे त्यातून दिसले.

मग ही जनुके करतात तरी काय? एकच ‘ऑटिझमचे जनुक’ असते, हा गैरसमज प्रथम काढून टाकावा. 2020 साली 35 हजारांहून अधिक व्यक्तींच्या जनुकीय तपासणीतून ऑटिझमशी संबंधित 102 जनुके पुढे आली. त्यांतील बहुतेकांचे काम मोटामोटी दोन प्रकारचे आहे. काही जनुके इतर जनुकांवर देखरेख करतात, तर काही मेंदूतील पेशींचे एकमेकींशी असलेले सांधे सांभाळतात.

इमारतीच्या कामावर मुकादम असतो. कोणते काम आधी, कोणते मागून, कोणाला बोलवायचे, कोणाला थांबवायचे हे तो ठरवतो. सीएचडी-8 हे जनुक असा मुकादम आहे. गर्भाच्या मेंदूत पेशी झपाट्याने वाढत असतात, तेव्हा अनेक जनुकांना चालू-बंद करण्यात त्याचा हात असतो. त्यात दोष आला की कामाची वेळ चुकते. अशा अनेक मुलांचे डोके सरासरीपेक्षा मोठे असते. शँक-3 हे जनुक 22 व्या गुणसूत्रावर असते. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात, त्या सांध्याची परांची ते उभी करते. परांची कच्ची राहिली की संदेश नीट पोहोचत नाही. एससीएन-2-ए हे जनुक पेशीत सोडियम आत घेणारे दार बनवते आणि त्यावरच मेंदूतील विजेचा प्रवाह चालतो. ते दार अपुरे पडले तर ऑटिझम संभवतो, वाजवीपेक्षा जास्त उघडले तर तान्ह्या वयात फिट्स येऊ शकतात.

हे सारे केव्हा घडते, हा आपल्या खटल्यातील कळीचा मुद्दा आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले की, ऑटिझमशी निगडित अनेक जनुके एकाच काळात जोमाने काम करतात. तो काळ म्हणजे गर्भावस्थेचा मधला टप्पा, जेव्हा मेंदूच्या बाह्य थरातील पेशी जन्म घेऊन आपापल्या जागी बसत असतात. 2022 मध्ये हार्वर्डच्या पाओला आर्लोटा यांच्या गटाने मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या ऊतीचे छोटे गोळे वाढवले आणि त्यांत तीन वेगवेगळ्या जनुकांत दोष घडवून पाहिले. तिन्हींचे मार्ग वेगळे होते, पण परिणाम त्याच दोन प्रकारच्या पेशींवर झाला. त्या वेळेआधी किंवा वेळेनंतर तयार होऊ लागल्या. शिवाय पेशी कोणत्या माणसाच्या होत्या, यावरही परिणामाची तीव्रता अवलंबून राहिली.

थोडक्यात, ज्या घटनेबद्दल आईवर आरोप आहे, तिची पायाभरणी मुलाने पहिला टाहो फोडण्यापूर्वीच झालेली असते. तेव्हा घरात टीव्ही चालू होता की बंद, याने काय फरक पडणार?

‘‘म्हणजे दोष तिच्या रक्तात,’’ असे म्हणणारेही भेटतात. त्यांनीही पुरावा वाचावा. ऑटिझमशी जोडलेले अनेक गंभीर जनुकीय बदल आईतही नसतात आणि बापातही नसतात. ते बीज तयार होताना नव्याने घडतात. आइसलँडमधील 2012 च्या अभ्यासात असे दिसले की, वीस वर्षांच्या बापाकडून मुलाला साधारण 25 नवे बदल मिळतात, चाळीस वर्षांच्या बापाकडून सुमारे 65. आईकडून येतात ते साधारण 15. यातील बहुसंख्य बदल निरुपद्रवी असतात. हे आकडे मी बापाला पिंजऱ्यात उभे करण्यासाठी देत नाही. निसर्गाच्या नकलेत झालेल्या चुकीला आरोपी नसतो, एवढेच सांगायचे आहे.

आनुवंशिकता हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात आणि ते योग्यच आहे. या शब्दाच्या आडून माणसांची प्रतवारी झाली आहे. जातीने रक्त शुद्ध राहते, वंश सुधारतो, या दाव्याची बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये चिरफाड केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये ‘कमअस्सल’ ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध मानली. नाझींनी तर अपंग बालकांना ठार मारले. म्हणून जनुकांचे ज्ञान हाती घेताना एक खूणगाठ बांधली पाहिजे. हे ज्ञान मुलाला समजून घेण्यासाठी आहे, त्याची किंमत ठरवण्यासाठी नाही. ऑटिझमची शक्यता थोडी थोडी वाढवणारे जनुकीय फरक तुमच्या-माझ्यात, सर्व जातीधर्मांच्या माणसांत विखुरलेले आहेत. शुद्ध कोणीच नाही.

आईवरचे आरोप मात्र नवनवे रूप घेऊन येतात. 1998 मध्ये लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या 12 मुलांच्या आधारे लसीवर संशय घेतला. तो निबंध 2010 मध्ये मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात लसीशी संबंध आढळला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणी घेतलेल्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखवले. परंतु स्वीडनमध्ये सुमारे 25 लाख मुलांच्या नोंदींत सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा तो संबंध टिकला नव्हता. आरोप बदलतात, आरोपी तीच राहते.

आणि जिथे अपराधगंड असतो तिथे बाजार भरतो. कोणी अंगारा देतो, कोणी लाखो रुपये घेऊन स्टेम सेलची सुई टोचतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचे सांगितले आहे. घर गहाण टाकण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा.

मग करायचे काय? पाया जन्माआधी घातला जात असला तरी मेंदूचे बांधकाम जन्मानंतरही कित्येक वर्षे चालू असते. म्हणून वाट पाहू नका. वर्षाचे मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर अंगणवाडीत सांगा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांची तपासणी आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांची तरतूद आहे. वाचा उपचार व इतर प्रशिक्षण लवकर सुरू झाले तर मुलाला बोलण्याची, वावरण्याची वाट सापडू शकते.

कायदाही बाजूने आहे. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम ओळख दिली आणि अठरा वर्षांनंतर पालकत्व देण्याची व्यवस्था केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ती समाविष्ट आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर कलम 31 नुसार 6 ते 18 वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षण हा मुलाचा हक्क आहे, शाळेची मेहेरबानी नव्हे. प्रवेश नाकारणाऱ्या शाळेकडून नकार लेखी मागा. निम्म्या शाळा तिथेच नरमतात.

त्या अर्जाला आम्ही दिलेल्या कैफियतीत चौथा मुद्दा स्पष्ट शब्दांत नाकारला. पण ते कोर्टाचे झाले. त्या दिवशी मी त्या बाईला एवढेच म्हणालो, ‘‘नाही ताई, तुमच्यामुळे नाही.’’ ती बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिने विचारले, ‘‘प्रमाणपत्रासाठी कुठं जायचं?’’ आपल्या वस्तीत अशी आई असेल, तर तिला हे दोन्ही सांगणारा माणूस आपण व्हावे.