कपचा उडतो तेव्हा

बडोद्यातील आपल्या जुन्या वाड्यांपैकी पुष्कळ आता उरलेले नाहीत. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, सुलतानपुरा या बाजूंना हिंडणाऱ्यास ते सांगावयास नको. वाडा उतरवला की तुळया, खांब, चौकटी ठेकेदाराच्या गाडीतून जातात. एखादे घर मात्र हातभर लाकूड आठवण म्हणून मागे ठेवते. अशा लाकडाची पेने मी माझ्या लहानशा लेथवर कातून देत असतो. वाडा परत उभा राहत नाही आणि त्याचे लाकूडही बाजारात मिळत नाही. म्हणून या कामातील एका संकटाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. ते संकट म्हणजे कपचा उडणे.

कातकाम आपल्या प्रांतास नवे नाही. ओरसंग नदीकाठच्या संखेड्याचे खरादी पिढ्यान्‌पिढ्या सागाचे पाळणे, झोपाळे, खुर्च्या कातत आले आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते. मग केवड्याच्या पानाने ती सारखी पसरायची. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले, तेही हातांना असे हुन्नर शिकवावे याच हेतूने. परंतु पाळण्याचा पाय जाडजूड असतो. पेनाचे तसे नाही.

पेनासाठी सुमारे पाऊण इंच चौकोनी आणि पाच इंच लांब ठोकळा घेतात. त्याचे दोन तुकडे करून प्रत्येकाला मधोमध भोक पाडतात, भोकात पितळी नळी चिकटवतात, मग तो तुकडा पोलादी सळईवर चढवून लेथवर फिरवतात. सडपातळ पेनाची नळी सात मिलिमीटरची असते. काम पुरे होईपर्यंत टोकाशी तिच्यावर लाकूड उरते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेणाऱ्या एवढ्या पातळ सालीत पटाशी जराशी रुतली, की खट्कन आवाज होतो, कपचा उडतो आणि खालचे पितळ दिसू लागते.

हे संकट लेथवर प्रकट होत असले, तरी त्याचे मूळ बहुधा आधीच्या कामात असते. गिरमिट पलीकडे बाहेर पडताना शेवटच्या दोऱ्यावर लाकूड फोडते. म्हणून ठोकळा थोडा लांब ठेवावा, भोक आरपार न पाडता थांबावे आणि उरलेले टोक कापून टाकावे. भोक आपोआप मोकळे होते. गिरमिट घडोघडी बाहेर काढून भुसा झाडावा, नाही तर लाकूड तापून आतून तडकते. पितळी नळी पॉलिशपेपरने खरखरीत करावी आणि गोंद लावून पिळत पिळत आत घालावी. आत कोठे पोकळी राहिली, तर तेवढ्या जागी लाकडाला आधार नसतो आणि कपचा नेमका तेथून उडतो. साग तेलकट असतो, तेव्हा चिकटवण्यापूर्वी ॲसिटोनने पुसणे बरे. इपॉक्सी लावल्यास एक रात्र तरी हात लावू नये.

कातताना पहिला धोका चार कोपऱ्यांचा. चौकोनी ठोकळा फिरतो तेव्हा प्रत्येक कोपरा धारेवर आदळतो. ते कोपरे आधीच रंध्याने मारून घेतले, की निम्मी भीती जाते. टोकाच्या बाहेरून आत पटाशी कधी घालू नये. आतून टोकाकडे काढीत न्यावी. सागात वाळूसारखा कठीण अंश असतो, त्यामुळे धार लवकर मरते. ती पुनःपुन्हा लावावी. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, उपटते. साल पातळ झाल्यावर थेंब थेंब पातळ सायनोॲक्रिलेट जिरवावे, वाळू द्यावे आणि शेवटचा केसभर भाग पॉलिशपेपरने उतरवावा. खोली हवेशीर असावी आणि तोंडासमोर पारदर्शक ढाल असावी. उडालेला कपचा डोळा ओळखत नाही.

एवढे करूनही कपचा उडतोच. मागे एका घराने दाराच्या चौकटीचा तुकडा आणला होता. चार भावंडे, चौघांना एकेक पेन हवे होते आणि लाकूड नेमके चारांपुरते. तिसरे पेन कातत असता आत दडलेले खिळ्याचे जुने भोक उघडे पडले आणि नखाएवढा कपचा उडाला. अशा वेळी पहिले काम लेथ थांबवण्याचे. दुसरे, जमीन झाडण्यापूर्वी कपचा शोधण्याचे. तो भुशात सापडला. नस जुळवून जागच्या जागी बसवला, पातळ गोंद दिला आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने काम पुरे केले. खिळ्याचा काळा डाग मात्र राहिला. थोरल्या ताईंनी नेमके तेच पेन उचलले. “तोरणाचा खिळा असेल हो हा,” त्या म्हणाल्या, “दर पाडव्याला आई मला स्टुलावर चढवायची.” यावर मी काय बोलणार?

कपचा सापडलाच नाही, तर त्याच लाकडाचा भुसा गोंदात कालवून भरावा. जखम मोठी असल्यास तेवढा भाग कापून शिसवीचे कडे बसवावे. ते मुद्दाम केलेल्या नक्षीसारखे शोभते. अगदीच इलाज नसेल, तर सारे लाकूड पितळेपर्यंत उतरवून नळी तेवढी वाचवता येते. वाड्याच्या लाकडाबाबत या शेवटच्या उपायापाशी येण्याची वेळ सहसा येऊ देऊ नये.

आपल्या पूर्वजांनी दौलतीच्या दफ्तरांत बोरूने मोडी लिहिली. बोरूच्या टोकाला चीर पाडल्याखेरीज शाई उतरत नसे. आमच्या या पेनाला चीर चालत नाही. वाडा उतरवण्याचा प्रसंग ज्यांच्या घरी येईल, त्यांनी हातभर सरळ नसेचे, न किडलेले लाकूड आधीच निवडून सावलीत कोरडे ठेवावे. त्यातले खिळे लोहचुंबकाने शोधून काढावे. आणि चार पेने हवी असतील, तर पाचांपुरते लाकूड राखावे.