भाव सांगताना त-त-प-प का होतं?

"सर, व्हिडिओ पाहिला, सगळं समजलं, पण गिऱ्हाईक समोर आलं की भाव सांगताना त-त-प-प होतं." ही तक्रार मी नेहमी ऐकतो. याचं उत्तर मेंदूत आहे.

अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचं, फिट्स थांबाव्यात म्हणून, मेंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. पुढे ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. (करून बघा, घाम फुटतो!) तीन दिवसांत हात बसला. पण हे आपण आधी केलंय, हेच त्याला आठवत नव्हतं.

म्हणजे माहितीचं खातं वेगळं, सवयीचं वेगळं. सवयीच्या खात्यात बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू राबतात. तिथे नुसता व्हिडिओ बघून फारसं काही जमा होत नाही, हो! घरच्यांना गिऱ्हाईक करा, भाव मोठ्याने सांगा, घासाघीस करू द्या. रोज.

उधारीचं मात्र उलट. ती एकदाच घडते, सराव कसला? कपाळामागचा मेंदू ती घटकाभर धरतो, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक हाक मारतं आणि आकडा गेला. पैसे बुडतात ते असे. म्हणून माल हातात देण्याआधी वहीत लिहा. वही गल्ल्याजवळ, पेन दोरीने बांधलेलं. नाहीतर पेनही उधारीवर जातं.