शिंजीर आणि आठ मीटरचे अंतर

पेण असो वा रोहे, परसात जास्वंदीचे एखादे झुडूप आणि कडेला शेवगा असला की सकाळी शिंजीर हजेरी लावतोच. आपण लगबगीने मोबाइल उचलतो, फोटो काढतो. पडद्यावर फुले दिसतात, पाने दिसतात, शेजारच्यांची कौलेही दिसतात. पक्ष्याच्या जागी मात्र काळा ठिपका. बोटांनी चित्र मोठे करावे तर ठिपक्याचा डाग होतो.

यात मोबाइलचा दोष नाही. हा हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. लेन्समधून पडणारी प्रतिमा किती मोठी, हे तीन गोष्टींवर ठरते : पक्ष्याची लांबी, त्याचे आपल्यापासूनचे अंतर आणि लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे छायाचित्रकारांची ‘फोकल लेंग्थ’. शिंजीर जेमतेम १० सेंटिमीटरचा. तो ८ मीटरवर असेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर ०.६ मिलिमीटर इतकीच पडते. ३०० मिलिमीटरची लेन्स लावली की ती पावणेचार मिलिमीटर होते. अनेक कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे पक्षी चौकटीचा सहावा हिस्सा व्यापतो. हीच लेन्स घेऊन ४ मीटरवर बसलो तर तो एक तृतीयांश होतो. थोडक्यात, अंतर निम्मे करणे आणि दुप्पट ताकदीची महागडी लेन्स घेणे, दोहोंचा परिणाम एकच.

पण पक्षी जवळ येऊ देत नाही, म्हणून आपण जुगाड शोधतो. कॅमेरा असलेल्यांसाठी पहिला मार्ग टेलिकन्व्हर्टरचा. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारे हे छोटे भिंग प्रतिमा १.४ किंवा २ पट मोठी करते. मात्र त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. १.४ पटीला प्रकाश निम्मा होतो, २ पटीला पाव. कोकणातल्या पावसाळी सकाळी मुळातच उजेड कमी, त्यात शिंजीर क्षणभर स्वस्थ बसत नाही. फोटो मोठा येतो, पण हललेला येतो. म्हणून १.४ पटीवर समाधान मानलेले बरे. फोटो नंतर कापून मोठा करण्यालाही मर्यादा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतील पक्षी दुप्पट मोठा दिसावा म्हणून कडा कापल्या तर हाती ६ मेगापिक्सेल उरतात. वर्तमानपत्रात छापायला तेवढे पुरतात. त्याहून अधिक कापले की पिसांचे बारकावे हरवतात.

मोबाइलवाल्यांसाठी दुर्बीण हा उत्तम सोबती. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. म्हणजे आठपट मोठे दिसते आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे आहे. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच मिलिमीटर. डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका एवढी जाड असते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची बाहुली सहसा याहून लहान असल्याने फारसा प्रकाश वाया जात नाही. मोबाइलची लेन्स २६ मिलिमीटरच्या तोलाची धरली तर आठपटीने ती २०८ मिलिमीटरच्या टेलिफोटोच्या जवळ जाते.

करायचे एवढेच : दुर्बिणीच्या एका डोळ्याचे रबर दुमडा. त्यावर घट्ट बसेल असे पीव्हीसी पाइपचे कपलिंग किंवा जाड पुठ्ठ्याचे कडे घ्या, आतून काळा कागद लावा आणि मोबाइलची लेन्स त्या कड्याच्या बरोबर मध्यावर धरा. कडेने काळे वर्तुळ दिसले तर मोबाइलवर थोडे झूम करा. आठपट मोठे होताना हाताचा कंपही आठपट होतो. म्हणून दुर्बीण खिडकीच्या कट्ट्यावर, तांदळाच्या पुरचुंडीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. दुर्बीण चुकूनही सूर्याकडे वळू देऊ नका. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. तो भाजल्याचे नजर गेल्यावरच लक्षात येते. मुलांच्या हाती दुर्बीण देताना हे आधी सांगा.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो, पण अंतराचा अर्थ शिकलो तो एका चुकीतून. काही वर्षांपूर्वी परसातल्या देशी बदामाच्या रोपावर शिंप्याने पाने शिवून घरटे केले होते. फोटोत आड येते म्हणून मी एक फांदी बाजूला बांधली. फोटो सुरेख आला. दुसऱ्या दिवशी घरटे उसवलेले होते आणि वरच्या तारेवर कावळे होते. ते पान फोटोच्या आड नव्हते, पिल्लांच्या आड होते. कायद्यानेही यात सूट नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना उपद्रव देणे येते. तेव्हापासून वापरात असलेल्या घरट्याचा फोटो मी काढत नाही.

मग जवळचा फोटो मिळतो कसा? त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यानेच देऊन ठेवले आहे. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला डॉ. सालिम अली सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीपाशी दिवसचे दिवस बसून राहिले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच संसार सुरू होतो आणि नर पुढचे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तिथे उलगडले. हा शोध बसून राहण्याच्या चिकाटीने लागला.

कर्नाळा किंवा फणसाडच्या रानात पक्ष्याचे अंतर त्याच्या मर्जीवर सोडावे लागते. घरी मात्र आपण निमंत्रण देऊ शकतो. खिडकीपासून ४ मीटरवर मातीचे पसरट, उथळ भांडे ठेवा, शेजारी एक सुकी फांदी रोवा. पाणी रोज ओतून टाका आणि भांडे घासा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. पडदा अर्धा ओढा, त्याआड दुर्बीण-मोबाइल मांडून ठेवा आणि चहा घेत बसा. पहिले काही दिवस फक्त बुलबुल येतील. मग दयाळ येईल, चष्मेवाले येतील. एखाद्या सकाळी शिंजीरही त्या फांदीवर येऊन टेकेल, आणि आठ मीटरचे चार मीटर त्याने स्वतःहून केलेले असतील.