तरंगते ती प्रत्येक गाडी होडी नसते



ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबात पूर आला, तेव्हा अमृतसर जिल्ह्यातल्या बुडालेल्या गावांत लष्कराने एक वेगळीच गाडी उतरवली. जवळजवळ माणसाच्या उंचीची चार फुगीर चाके आणि त्यांच्यामध्ये पेटीसारखी केबिन. रस्त्यावरून आली, चिखलातून गेली आणि न थांबता पाण्यात शिरून तरंगू लागली. तिचे नाव ‘एटॉर एन-१२००’. ही चित्रे टीव्हीवर पाहिल्यापासून आपल्याकडेही बोलणे सुरू झाले आहे. “आपल्या कारखान्यानं अशी एक गाडी का घेऊ नये? पाणी आलं की होडीसाठी किती दिवस वाट बघत बसायचं?”

प्रश्न रास्त आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ऊस बुडाला तर खोडवा तरी हाती लागेल अशी आशा असते, माणूस बुडाला तर काय करायचे? म्हणून पाण्यात चालणाऱ्या या गाड्या काय करू शकतात आणि कुठे दगा देतात, हे नीट समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

चाके लावलेली काहील

आपल्या भागात ही गोष्ट समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. पूर आला की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसे पलीकडे नेण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. काहील लोखंडाची, वजनाने भारी, तरी तरंगते. कारण तिच्या वजनाइतके पाणी ती बाजूला सारते. एक टन वजनाची वस्तू एक हजार लिटर पाणी बाजूला सारू शकली की तरंगलीच.

पाण्यात चालणारी गाडी म्हणजे चाके आणि इंजिन लावलेली काहीलच. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९६७ पासून ‘आर्गो’ नावाच्या सहा आणि आठ चाकी गाड्या बनत आल्या आहेत. अंग प्लॅस्टिकच्या डोणीसारखे, टायर रुंद आणि हवेने फुगलेले. दलदलीत, बर्फात, जंगलात त्या उत्तम चालतात. स्टिअरिंगने पुढची चाके वळत नाहीत. एका बाजूची चाके आवळली की गाडी त्या बाजूला वळते. साखळपट्ट्याचा ट्रॅक्टर वळतो तसेच म्हणा ना.

पाण्यात या गाडीला साधारणपणे वेगळा पंखा नसतो. टायरवरच्या उंच पट्ट्याच वल्ह्याचे काम करतात. चाके गरागरा फिरतात, पाणी मागे फेकतात आणि गाडी पुढे सरकते. पण किती? आर्गोसारखी गाडी पाण्यात ताशी सुमारे ४ किलोमीटर जाते. एटॉर त्याहून बरी, ताशी सुमारे ६ किलोमीटर. म्हणजे बांधावरून चालणारा माणूस आणि पाण्यातली ही गाडी यांची जवळपास बरोबरीच!

प्रवाहाचा हिशेब

आता थोडे गणित करू. प्रवाह सेकंदाला एक मीटर असेल, तर तो ताशी ३.६ किलोमीटर झाला. ताशी ४ किलोमीटरची गाडी त्या प्रवाहाविरुद्ध तासाभरात जेमतेम चारशे मीटर सरकेल. प्रवाह दुप्पट झाला तर इंजिन कितीही ओरडो, गाडी उलटी वाहत जाणार.

सरळ आडवे जायचे म्हटले तरी तेच. दोनशे मीटर रुंदीचे पात्र ओलांडायला या गाडीला तीन मिनिटे लागतात. तेवढ्यात एक मीटरचा प्रवाह तिला १८० मीटर खाली नेतो. समोरच्या देवळापाशी उतरायचे म्हणून निघालेली गाडी खालच्या बाभळींत जाऊन अडकते. नावाडी वरच्या अंगाला जाऊन मग होडी का सोडतो, ते यावरून ध्यानात यावे.

काठ किती उरला?

दुसरी गोष्ट काठाची. पाण्याच्या पातळीपासून गाडीच्या काठापर्यंत जी उंची उरते, तोच आपला जीव. समजा, डोण तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. ती एक सेंटिमीटर खाली जायला साधारण ४५ किलो वजन पुरते. पाच माणसे बसली की सात सेंटिमीटर काठ गेला. वर धान्याची दोन पोती ठेवली की आणखी गेला. जमिनीवर गाडी जेवढे वजन ओढते तेवढे पाण्यात कधीच लादायचे नसते, ते यासाठी.

आत शिरलेले पाणी तर त्याहून वाईट. अर्धवट भरलेला मळीचा टँकर वळणावर कसा कलंडू पाहतो, ते कारखान्याच्या रस्त्यावर आपण पाहिले आहे. मळी एका बाजूला धावते आणि टँकरला त्याच बाजूला ओढते. गाडीच्या तळात साचलेले पाणी अगदी हेच करते. गाडी जरा कलली की पाणी तिकडे धावते, मग गाडी आणखी कलते, काठ पाण्याखाली जातो आणि खेळ संपतो.

आणि लाटा? तळ्यात, डबक्यात, बुडालेल्या गल्लीत लाट उठत नाही. उघड्या पाण्यावर वारा जितका लांबून येईल तितकी लाट मोठी होते. उजनीसारख्या धरणाच्या फुगवट्यावर वाऱ्याला मैलोन्‌मैल मोकळे रान मिळते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला येणारी होडी तिथे वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहून वाचला. ती तर होडीच होती, पाण्यासाठीच बांधलेली. मग हातभर काठाच्या गाडीची काय कथा!

लढाईतले ‘बदक’ आणि सहलीतले ‘बदक’

म्हणून या गाड्या कुचकामाच्या आहेत असे मात्र समजू नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहाचाकी लष्करी ट्रकला होडीचे अंग चढवून एक वाहन तयार केले. इंग्रजी अक्षरे जुळवून त्याला ‘डक’, म्हणजे बदक, म्हणू लागले. १९४२ ते १९४५ या काळात अशी सुमारे २१ हजार वाहने बांधली गेली. त्याला मागे पंखा होता आणि आत शिरलेले पाणी बाहेर फेकणारा दांडगा पंप होता. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रोव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाचे एक जहाज वाळूत रुतले. वादळामुळे साध्या होड्या तिथे पोहोचेनात. तेव्हा एका डकने जाऊन सात जणांना सोडवून आणले.

त्याच काळात जीपलाही होडीचे अंग चढवले गेले. पण तिचा काठ बुटका. शांत नदीत ठीक, समुद्राच्या लाटांत मात्र ती फसली. गंमत अशी की, हीच जीप घेऊन बेन कार्लिन नावाच्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअराने जगप्रदक्षिणा केली. ही कल्पना त्याला सुचली ती आपल्या देशात, महायुद्ध संपल्यावर, बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर तशी जीप पाहून. त्याने तिला वर बंद केबिन बांधली आणि इंधनाच्या मोठ्या टाक्या जोडल्या. आधीचे प्रयत्न फसले. अखेर जुलै १९५० मध्ये कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरातून पत्नीसह निघून महिन्याभराने तो अझोर्स बेटांवर पोहोचला. प्रदक्षिणा पुरी व्हायला १९५८ साल उजाडले. त्याने गाडीचे नाव काय ठेवले असेल? ‘हाफ-सेफ’, म्हणजे अर्धी सुरक्षित. ज्याला गाडीची नस कळली होती, त्यानेच दिलेले हे नाव आहे.

युद्ध संपल्यावर जुनी डक वाहने सहलीच्या धंद्यात आली. वर छप्पर चढले, बाजूला पडदे आले, बाके वाढली. १ मे १९९९ रोजी अर्कान्सा राज्यातील लेक हॅमिल्टनमध्ये असे एक वाहन पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच बुडाले. वर वादळ नव्हते, लाट नव्हती. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याभोवतीचे रबरी आवरण सैल झाले आणि तिथून पाणी आत आले. मोठा पंप बंद पडलेला. २१ जणांपैकी १३ जण गेले, त्यातले कित्येक छपराखाली अडकून. चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने सांगितले की, छपरे काढा आणि पाणी भरले तरी तरंगेल अशी सोय करा.

ते नीट मनावर घेतले गेले नाही. १९ जुलै २०१८ रोजी मिसुरी राज्यातील टेबल रॉक लेकवर दुसरे वाहन बुडाले. वादळाचा इशारा आधीच दिला गेला होता. हवा बिघडणार म्हणून पाण्यातली फेरी अगोदर उरकून घ्यायचे ठरले. ताशी ११० किलोमीटरहून जोराचे झोत आले, लाटा पुढच्या झडपेतून आत शिरल्या आणि ३१ पैकी १७ जण बुडाले. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये तिथे छपरे आणि सुरक्षा याबाबत कायदा झाला.

दोन्ही घटनांत यंत्र एकच, तरी घोटाळा निराळा. एकीकडे देखभाल चुकली, दुसरीकडे “उरकून घेऊ” ही वृत्ती नडली. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पुरातून माणसे नेणारी होडी उलटली. तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली होती. डझनाहून अधिक जीव गेले. पाणी दारात आलेल्या माणसाला “तुम्ही पुढच्या फेरीला या” म्हणणे सोपे नसते, हे खरे. पण होडीवर उभा राहून तेवढे म्हणणारा एक कठोर माणूस गावात तयार करणे, हे कोणतीही गाडी घेण्याच्या आधीचे काम आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी

गाडी असो की होडी, पुढील गोष्टी गावच्या पोरांना तोंडपाठ पाहिजेत:

१. तळातली सगळी बुचे बसली आहेत का, हे हाताने चाचपून पाहावे. नुसते विचारू नये.

२. पाणी उपसणारा पंप काठावरच चालवून पाहावा. सोबत डबा किंवा बादली ठेवावी. पंप बंद पडतो, बादली पडत नाही.

३. लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळून बसावे. बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटचा बुडताना उपयोग नाही.

४. पाण्यात असताना सीटबेल्ट सोडावा, पडदे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बंद केबिन बुडाली की तिचा पिंजरा होतो.

५. वजन मधोमध आणि तळाशी. कोणी उभे राहू नये, सगळ्यांनी एका अंगाला धावू नये.

६. वारा उठला, ढग भरून आले, तर निघायचे नाही. निघालेले असू तर जवळचा काठ गाठायचा, ठरलेला नव्हे.

७. एकट्याने उघड्या पाण्यावर जायचे नाही. दोरी, वल्हे आणि पाठीमागे दुसरी होडी हवी.

८. बाहेर आल्यावर बुचे काढून पाणी काढावे, बेअरिंगला ग्रीस द्यावे, गिअरचे ऑइल पाहावे. ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले, हे ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला नको.

मग घ्यायची का?

लष्कराने २०२३ मध्ये ९६ एटॉर गाड्यांची मागणी नोंदवली, ती सुमारे २५० कोटी रुपयांची. साधा भागाकार केला तरी एका गाडीमागे अडीच कोटींवर रक्कम पडते. हिमालयातला बर्फ, कच्छचे दलदलीचे रण आणि देशभरचे पूर सांभाळणाऱ्या लष्कराला ती परवडते आणि शोभते. आपल्याला ती वर्षातले आठ-दहा दिवस लागणार, उरलेले दिवस शेडमध्ये उभी राहणार. आणि उभ्या यंत्राची रबरे वाळतात, बुचे हरवतात, पंप अडकतो. लेक हॅमिल्टनची गोष्ट इथूनच सुरू होते.

शिवाय अशा गाडीची खरी जागा काठावर आहे. जिथे होडी टेकते आणि ट्रॅक्टर रुततो, तो गुडघाभर पाण्याचा, चिखलाचा, बुडालेल्या उसाचा पट्टा. तिथे तिला तोड नाही. मुख्य पात्राचा प्रवाह आणि धरणाचे उघडे पाणी हे तिचे घर नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. आधी प्रत्येक नदीकाठच्या गावाला इंजिनाची एक मजबूत होडी, माणशी एक लाइफ जॅकेट आणि शिकलेली आठ-दहा पोरे असावीत. मे महिन्यात, पाणी संथ असताना, त्यांचा सराव व्हावा. होडीच्या अंगावर “इतकीच माणसे” असा आकडा ठळक रंगवावा आणि तो पाळणारा माणूस नेमावा. इतके झाले आणि पदरी पैसा उरला, तर पाच-सहा कारखान्यांनी मिळून अशी एखादी गाडी घेण्याचा विचार खुशाल करावा. सहकार त्यासाठीच आहे. पण होडी, जॅकेट आणि माणूस यांच्या आधी गाडी नको. पाऊस लागायच्या आत गावागावांतल्या सभासदांनी एकत्र बसून आपापल्या होडीचे बूच, पंप आणि आकडा एकदा तपासून घ्यावा, ही विनंती.