माती हातात, हिशेब पाण्याचा

भोसरी-चाकण पट्ट्यात फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला मातीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. साचे करायच्या ‘ग्रीन सँड’ची वाळू हिरवी नसते, ओली असते. तिच्यात बेंटोनाइट नावाची, बरीचशी कच्छमधून येणारी माती असते आणि पाणी असतं जेमतेम तीन-चार टक्के. ते वाढलं तर धातूचा तापलेला रस ओतताच वाफ होते आणि जॉबमध्ये ब्लो होल, म्हणजे पोकळ्या, पडतात. कमी पडलं तर साचाच ढासळतो. आकुर्डी-निगडीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत पाट टाकून कुणी वीतभर उंचीचा बैल घडवायला बसतं, तेव्हाही हाच नियम लागू असतो. हौशी माणसाचा हात बोटांच्या कौशल्यात सहसा कमी पडत नाही, पाण्याच्या हिशेबात पडतो.

मळलेल्या मातीत वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पाणी असतं. मातीचे कण चपटे असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात. माती वळते ती यामुळेच. पाणी उडालं की कण जवळ सरकतात आणि मूर्ती आक्रसते. वाळतानाच ती साधारण 5 ते 8 टक्के लहान होते, भाजल्यावर आणखी थोडी. बैलाचे कान आणि शिंगं आधी वाळतात, पोट मात्र आतून ओलंच राहतं. कान आक्रसून बसलेले, डोकं अजून आक्रसतंय, या ओढाताणीत तडा जातो तो नेमका जोडावर. म्हणून शिंगं नुसती चिकटवायची नसतात. दोन्ही बाजूंना कोरणीने ओरखडे काढायचे, पातळ कालवलेली माती लावायची, दाबून बसवायचं आणि बारीक भागांवर ओलसर फडकं टाकून ठेवायचं. अंगठ्याहून जाड भाग आतून पोखरून घ्यावा. वाळवण सावलीत करावं. लवकर वाळावी म्हणून मूर्ती पंख्याखाली ठेवणारे नंतर भेगा बुजवत बसतात.

शेतातली काळी माती चिकट आहे म्हणून ती घेऊन येणारेही असतात. ती पाणी पिऊन भरपूर फुगते आणि उन्हाळ्यात शेतात पडतात तशाच भेगा मूर्तीलाही पाडते. बेंटोनाइट याच जातकुळीचं. साच्याच्या वाळूत थोडंसं घातलेलं चालतं, नुसत्या अशा मातीची मूर्ती मात्र टिकत नाही. त्यापेक्षा कुंभाराकडून तयार मळलेली लाल माती आणावी. पुण्यात कसब्यातला कुंभारवाडा आजही त्यासाठी जवळचा. पूर्वीचे कुंभार मातीत लीद आणि राख घालत. घरी कागदाचा लगदा मिसळला तरी मातीला धरून ठेवणारे तंतू मिळतात. गणपतीसाठी वापरला जाणारा शाडू मुख्यतः गुजरातेतून येतो. तो बारीक आणि गुळगुळीत असतो, पण वाळल्यावर ठिसूळ होतो. चेहऱ्यासाठी उत्तम, काठी धरलेल्या हातात मात्र आतून तार हवी.

मातीच्या आत तार किंवा काडी घालण्याची ही युक्ती आजची नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची डबी निघाली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती होती. सोबत डोकं नसलेली दुसरी मूर्ती आणि एक बैलही मिळाला. बैलाच्या पाठीला आणि त्या मूर्तीच्या पोटाला भोक होतं. काडीने दोन्ही जोडले की देवी बैलावर बसते! काळ तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. विशेष हे की यातलं काहीही भाजलेलं नव्हतं. पाण्यापासून दूर, घराच्या बंद जमिनीखाली राहिल्यामुळे कच्ची माती इतकी शतकं टिकली.

उघड्यावर ठेवायची मूर्ती मात्र भाजावी लागते, आणि इथे एक गैरसमज आहे. भट्टीत मूर्ती फुटली की ‘आत हवेचा बुडबुडा राहिला होता’ असं म्हणतात. बहुतेक वेळा दोष असतो तो आत राहिलेल्या पाण्याचा. 100 अंशांच्या वर त्याची वाफ होते, ती कित्येक पटींनी फुगते आणि मूर्तीचे तुकडे उडतात. सुमारे 450 ते 600 अंशांदरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं. त्यानंतर ती पाण्यात ठेवली तरी विरघळून चिखल होत नाही. घरातल्या ओटीजीचं तापमान जेमतेम अडीचशेपर्यंत जातं, त्यामुळे तिथे माती भाजत नाही. ओटीजीत घालतात ती ‘पॉलिमर क्ले’. ती माती नव्हे, पीव्हीसी आहे. पाकिटावर दिलेल्या तापमानापेक्षा जास्त तापवली तर तिखट, घातक धूर येतो. जेवणाचे पदार्थ करायचा ओव्हन त्यासाठी वापरूच नये.

मोटार उद्योगाने पाण्याचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सोडवला. मोटारीचं रूप मातीत घडवून पाहण्याची पद्धत अमेरिकेत हार्ली अर्ल यांनी रूढ केली. ते 1927 मध्ये जनरल मोटर्समध्ये दाखल झाले होते. ती माती मेण आणि तेलाची. गरम केली की मऊ होते, गार झाली की घट्ट होते. पाणीच नसल्याने ती आक्रसत नाही आणि तडकतही नाही. संगणकावर सगळं दिसत असूनही मोठ्या डिझाइन स्टुडिओंत आजही मॉडेल अशा मातीत घडवून पाहतात. प्रकाश पत्र्यावरून कसा सरकेल, हे पडद्यापेक्षा त्या मॉडेलवर अधिक खरं कळतं.

या भागातल्या मुलांसाठी सुरुवातीचं सर्वांत चांगलं काम दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं. बाजारात मिळणारी बहुतेक साच्यातली, प्लास्टर ऑफ पॅरिसची, सगळ्या मावळ्यांचा चेहरा एकच. चाकणचा संग्रामदुर्ग 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. आपल्याच परिसरातला तो भुईकोट करावा आणि त्यावरचे मावळे घरच्या मातीचे असावेत.

घरात काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. हात आणि हत्यारं बादलीत धुवावीत, माती खाली बसू द्यावी, वरचं पाणी झाडांना घालावं. बेसिनमध्ये धुतलं तर तळाशी माती साचून नळी तुंबते. आणि वाळलेली माती झाडूने कधीही लोटू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तिच्या धुळीत सिलिका असते. ओतशाळेतल्या कामगारांच्या फुफ्फुसांत वर्षानुवर्षं साचून सिलिकोसिस करणारी सिलिका हीच.

बिघडलेली कच्ची मूर्ती टाकू नका. पूर्ण वाळू द्या, फोडा, रात्रभर भिजत घाला, पुन्हा मळा. न भाजलेली माती कितीही वेळा वापरता येते.